समुद्राचा सातबारा कोणाच्या नांवें?

शेतकरी, कोळी व कारागीर बंधुभगिनींनो,

"बंदर समुद्रांत होणार, तुमचें एकही घर उठणार नाहीं, मग तुम्ही ओरडतां कशाला?" अशा अर्थाचा प्रश्न डहाणूच्या कांठावरील लोकांस गेलीं कित्येक वर्षें विचारला जात आहे. विचारणारे शिकलेले असतात, हातांत नकाशा असतो. त्या नकाशांत शेतें हिरवीं, घरें तांबडीं, रस्ते काळे आणि समुद्र नुसता निळा. निळ्या रंगावर कोणाचेंच नांव नाहीं. आमचें सारें भांडण या कोऱ्या निळ्या रंगाशीं आहे. तें भांडण फक्त मासे मारणाराचें नव्हे. ज्याचें पोट कागदावर न लिहिलेल्या हक्कावर चालतें त्या प्रत्येकाचें आहे, म्हणून हे चार शब्द.

ज्याचें शेत पाण्यांत आहे त्याला "तुझी जमीन घेत नाहीं" असें सांगणें म्हणजे सुताराला "तुझें घर घेत नाहीं, फक्त करवत, वांकस आणि रंधा तेवढा नेतों" असें सांगण्यासारखें आहे.

वाढवण हें गांव डहाणू तालुक्यांत आहे. पूर्वीं जिल्हा ठाणें होता, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर झाला. पश्चिम रेल्वेच्या वाणगांव स्टेशनावर उतरून पश्चिमेची वाट धरली कीं चिंचणी, वरोर करीत माणूस वाढवणास पोहोंचतो. याच कांठाला धाकटी डहाणू, गुंगवाडा, तडियाळें अशीं गांवें आहेत. वस्ती मांगेला, वैती, कोळी, भंडारी अशा लोकांची. आंत पूर्वेकडे वारली बांधव. कोणी भात, मिरची व चिकू पिकवितो, कोणी दर्यावर जातो, आणि या भागांतल्या कित्येक घरांत पोलादाच्या ठोकळ्यावर दागिन्यांचे साचे कोरण्याचें काम चालतें, ज्यास तेथें डायचें काम म्हणतात. शहरांतल्या बायकांच्या अंगावर जें नक्षीचें पान-फूल दिसतें तें पुष्कळ वेळां येथल्या एखाद्या पोरानें भिंगांतून बघून, डोळे शिणवून कोरलेलें असतें. सराफाचें नांव दुकानावर झळकतें, याचें नांव कोठेंच नाहीं. नांव नसण्याचा रोग हा असा जुना आहे.

आतां निसर्गानें दिलेल्या बंदराची गोष्ट. येथें कांठापासून फार दूर न जातां सुमारें वीस मीटर खोल पाणी मिळतें. मोठ्या जहाजांना तेंच पाहिजे असतें, म्हणून सरकारी कागदांत वाढवणाच्या "नैसर्गिक खोली"ची मोठी वाखाणणी आहे. खोली खरी आहे. त्याबद्दल आमचा वाद नाहीं. पण कांठापाशीं दुसरीही एक चीज आहे, ती म्हणजे समुद्रांत शिरलेला खडकांचा पट्टा. उधाणाच्या लाटा त्यावर फुटतात. त्याच्या कपारींत मासळी अंडीं घालते, पिलें वाढतात, शेवंड लपते. मासळीला जी जागा सुरक्षित वाटते तीच होडीला सुरक्षित वाटते, आणि म्हणूनच येथें माणूस वसला. बंदर म्हणजे सिमेंटचा धक्का नव्हे. वादळांत होडी जेथें शिरूं शकते, आणि शिरल्यावर घरीं चूल पेटूं शकते, तें बंदर. या अर्थानें येथें बंदर आधींपासून आहे. नवें कांहीं व्हावयाचें नाहीं.

दर्यांतली शेती कशी चालते हें आमच्या घाटावरच्या बंधूंस ठाऊक नसेल, म्हणून थोडें विस्तारानें सांगतों. डोल नांवाचें जाळें मोठ्या पिशवीसारखें असतें. तोंड रुंद, शेपटीकडे निमुळतें होत गेलेलें. समुद्राच्या तळांत खुंट रोवून त्यांना हें जाळें ओढीच्या तोंडाशीं बांधतात. पाणी दिवसांतून दोनदां चढतें, दोनदां उतरतें. त्या ओढीबरोबर बोंबील, मांदेली, जवळा, कोळंबी जाळ्यांत शिरते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतें, तेव्हां ओढ जोराची. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हां पाणी मंद आणि डोलकरास विश्रांति. म्हणजे पंचांग आमच्या तांडेलासही पाठ असतें, फक्त त्यासाठीं कोणास दक्षिणा द्यावी लागत नाहीं.

हे खुंट कोणी वाटेल तेथें रोवीत नाहीं. अमक्या घराण्याची जागा येथें, तमक्याची त्याच्या पलीकडे, हें पिढ्यान् पिढ्या ठरलेलें आहे. बापाची जागा मुलाकडे जाते. दुसऱ्याच्या ओढीच्या तोंडाशीं जाळें लावणें म्हणजे दुसऱ्याच्या पाटाचें पाणी तोडणें. त्यावर गांवकी बसते, दंड होतो. आणि भर समुद्रांत ती जागा ओळखतात कशी? जमिनीवरच्या दोन खुणा डोळ्यांनीं जुळवून. महालक्ष्मीच्या डोंगराचा सुळका कशावर आला, देवळाचा कळस कोणत्या माडामागें गेला, यावरून तांडेल नेमका आपल्या खुंटावर येतो. ज्या तलाठ्याला भर दिवसां, कोरड्या शेतांत, हातांत नकाशा असून बांध सांपडत नाहीं, त्यानें एकदां या अंगठेबहाद्दर मोजणीदाराबरोबर होडींतून जाऊन यावें.

आणि बायका? ओहोटीला खडक उघडे पडले कीं पाट्या घेऊन त्या खडकांवर जातात. कालवें फोडतात, शिंपल्या वेंचतात, खेकडे धरतात. विधवा, म्हातारी, ज्या घरांत होडी नाहीं व होडीवर जाणारा पुरुष नाहीं, अशा घरची बाई याच खडकांवर पोट भरते. होडीची मासळी कांठाला आली कीं तिची निवड, तिचें वाळवण, तिची विक्री हें सारें बायकांच्याच हातीं. बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगून सुकविणारी बाई नसेल तर तांडेलाची अर्धी कमाई एका दिवसांत नासेल.

ज्यांस हें सारें नुसतें निळें दिसतें, त्यांस आमचा एक साधा प्रश्न आहे. बंदर नैसर्गिक आहे म्हणतां, मग सुमारें दहा किलोमीटर लांबीची भिंत समुद्रांत कशाला बांधावयाची? १,४४८ हेक्टर समुद्र भरून कशाला काढावयाचा? हेक्टराचा हिशोब शेतकऱ्यास चटकन् लागत नाहीं, म्हणून एकरांत सांगतों: साडेतीन हजार एकरांहून अधिक. त्या भरावासाठीं दमणच्या समोरच्या समुद्रतळांतून सुमारें २० कोटी घनमीटर रेती उपसावयाची योजना आहे. एका मालमोटारींत दहा घनमीटर रेती मावते असें धरलें, तर दोन कोटी मालमोटारी झाल्या. शिवाय दगड डोंगर फोडून आणावयाचा तो वेगळाच. निसर्गानें दिलेलें म्हणून कौतुक करावयाचें, आणि मग निसर्गानें दिलेलें तें बुजवावयाचें! आंब्याचें झाड उत्तम आहे, याचीं पाटें फार सुंदर निघतील, असें म्हणणाऱ्या लाकूडतोड्याचेंच हें कौतुक झालें.

जातां जातां एक जुनी गोष्ट. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपान राजाचा जांवई उषवदात याचा सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींचा लेख कोरलेला आहे. त्यानें इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि डाहणुका या नद्यांवर लोकांस फुकट नावा ठेवल्या, असें त्यांत लिहिलें आहे. डाहणुका म्हणजे हीच आपली डहाणूची खाडी, असें पंडित सांगतात. त्याच लेखांत तीन लाख गाई दान केल्याचें आणि देवाब्राह्मणांस सोळा गांवें दिल्याचेंही आहे. म्हणजे मोठा वांटा कोठें गेला तें उघड आहे. तरी पण नावा लोकांस फुकट दिल्या, हें त्या परक्या क्षत्रपाच्या जांवयानें चांगलें केलें, आणि तें दगडावर लिहून ठेवलें हें त्याहून चांगलें केलें.

आतां अलीकडचा इतिहास. २० जून १९९१ रोजीं केंद्र सरकारनें डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर त्याच्या राखणीसाठीं एक प्राधिकरण नेमण्यांत आलें. त्याचे अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी होते. एक परदेशी कंपनी वाढवणास बंदर बांधूं पाहत होती, तेव्हां १९९८ सालीं या प्राधिकरणानें बंदर येथें होऊं शकत नाहीं असा निर्णय दिला. लोकांस वाटलें, संपलें. पण गरिबाच्या बाजूचा निकाल उन्हाळ्यांतल्या ओल्यासारखा असतो, सुकायला वेळ लागत नाहीं. २०१५ सालीं जवाहरलाल नेहरू बंदर व महाराष्ट्र सागरी मंडळ यांचा करार झाला; वांटा ७४ व २६ टक्के. फेब्रुवारी २०२० मध्यें केंद्र मंत्रिमंडळानें तत्त्वतः मान्यता दिली, तेव्हां खर्च ६५,५४४ कोटी रुपये धरला होता. जुलै २०२३ मध्यें, ज्या प्राधिकरणानें पूर्वीं नाहीं म्हटलें होतें त्यानेंच होय म्हटलें. मच्छीमार संस्था मुंबईच्या उच्च न्यायालयांत गेल्या. एप्रिल २०२४ मध्यें त्यांच्या याचिका फेटाळल्या गेल्या, आणि मग त्यांस दिल्लीची वाट धरावी लागली. जून २०२४ मध्यें मंत्रिमंडळानें ७६,२२० कोटी रुपयांस मंजुरी दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघरच्या मैदानावर पंतप्रधानांच्या हस्तें पायाभरणी झाली. बंदर समुद्रांत आणि पायाभरणी मैदानांत! पुढें कामाचे ठेकेही निघाले.

खर्चाचा आंकडा चार वर्षांत दहा हजार कोटींहून अधिक वाढला, यावर कोणी दांत-ओठ खाल्ले नाहींत. वाढत्या भावानें सिमेंट महागतें, पोलाद महागतें. खुंटाची जागा मात्र १९९८ सालींही फुकट होती आणि आजही फुकटच आहे.

आणखी एक गंमत ऐका. सप्टेंबर २०२३ मध्यें महाराष्ट्र सरकारनें पापलेटास, म्हणजे आमच्या सरंग्यास, राज्यमासा म्हणून मान दिला. त्यासाठीं सातपाटीच्या मच्छीमारांनीं मागणी केली होती. मान मिळाल्यावर वर्ष भरायच्या आंत, ज्या कांठाचा तो मासा, त्याच कांठाचा समुद्र भरून काढण्याची पायाभरणी झाली. बैलपोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावावी आणि दुसऱ्या दिवशीं खाटकाकडे न्यावा, तसा हा राज्यमाशाचा मान.

हें सारें घडूं शकतें याचें मूळ कोठें आहे? आमच्या मतें तें मूळ दफ्तरांत आहे. इंग्रज सरकारनें गांवोगांव जमीन मोजली, ती रयतेच्या प्रेमानें नव्हे, सारा वसूल करावयाचा होता म्हणून. ज्या वस्तूवर सारा बसला ती वस्तु दफ्तरांत आली. जिच्यावर बसला नाहीं ती दफ्तराबाहेर राहिली. समुद्रावर एकरीं आकार बसवितां येईना, म्हणून समुद्राला गट नंबर नाहीं, सातबारा नाहीं, पीकपाहणी नाहीं. इंग्रज गेले, दफ्तर तेंच राहिलें. १९८१ सालचा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा होडीला परवाना देतो. खुंटाच्या जागेवर हक्क देत नाहीं. २००६ सालीं वनहक्काचा कायदा झाला. जंगल जरी सरकारचें लिहिलेलें असलें तरी तेथें पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या आदिवासीचा हक्क लिहून द्यावा, हें तत्त्व त्यांत मान्य झालें. मग जें जंगलांत खरें, तें समुद्रांत खोटें कसें? वारल्याचें नांव दाव्याच्या कागदावर येऊं शकतें, आणि चार कोसांवरच्या मांगेल्याचें येऊं शकत नाहीं, हा कोणता न्याय?

शेतकऱ्यांनो, नांव दफ्तरांत असणें म्हणजे काय, हें तुमच्याइतकें कोणास कळणार? १९४८ सालीं कूळ कायदा झाला, १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. ज्याचें नांव कुळाच्या रकान्यांत होतें तो जमिनीचा मालक होऊं शकला. आणि ज्यानें बापजाद्यांपासून तेंच शेत नांगरलें पण ज्याचें नांव सावकारानें व तलाठ्यानें मिळून लागूंच दिलें नाहीं, तो आजही दुसऱ्याच्या बांधावर मजूर आहे. दोघांचा घाम सारखाच, फरक एका शाईच्या ओळीचा. आज समुद्रकांठीं तोच खेळ चालूं आहे. फरक एवढाच कीं येथें एकाचें नांव गाळलें असें नाहीं. येथें नांव लिहावयाचा रकानाच छापलेला नाहीं.

ही भीति काल्पनिक आहे असें कोणास वाटत असेल, त्यानें उरणकडे जाऊन पाहावें. नव्या मुंबईसाठीं जमिनी घेतल्या, तेव्हां जानेवारी १९८४ मध्यें शेतकरी दि. बा. पाटील यांच्या पुढारीपणाखालीं रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पांच माणसें गेलीं. त्या रक्तावर पुढें साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना उभी राहिली. ती नीट पाळली कीं नाहीं हा वेगळा तंटा. पण निदान टक्के मोजावयास शेतकऱ्याजवळ सातबारा होता. त्याच सुमारास न्हावा-शेव्याच्या बंदरासाठीं शेवा येथला कोळीवाडा उठविला. अडीचशेंहून अधिक कुटुंबें. त्यांना उरणजवळ ज्या जागीं नेऊन बसविलें ती हनुमान कोळीवाड्याची जागा वाळवीनें पोखरली. घरांचें लाकूड गेलें, दारें-खिडक्या गेल्या, आणि त्या लोकांच्या पिढ्या अर्ज करण्यांत गेल्या.

याच बंदराच्या चौथ्या कंटेनर धक्क्यासाठीं भराव पडला तेव्हां खाडीचें पाणी अडलें, तिवरें मेलीं, होड्यांची वाट बंद झाली. मच्छीमार राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढें गेले. २०१५ सालीं पुण्याच्या पीठानें १,६३० कुटुंबांस ९५ कोटी १९ लाख रुपये द्यावेत असा निकाल दिला. मोठा विजय म्हणून बातम्या आल्या, आणि होताही तो विजय, कारण समुद्र बुजविणें ही नुकसानी आहे हें कोणीतरी प्रथम मान्य केलें. त्यानंतरही प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेंच.

आम्हांस ट्रेनिंग कॉलेजांत शिकविलें होतें कीं गणित मुलांच्या ओळखीच्या वस्तूंवर घालावें. तेव्हां हें गणित सहावीच्या फळ्यावर घालण्याजोगें आहे. ९५ कोटी १९ लाखांस १,६३० नीं भागा. प्रत्येक कुटुंबास पांच लाख चौऱ्याऐंशीं हजारांच्या आसपास. समजा तें कुटुंब त्या पैशावर वीस वर्षें जगलें. वर्षाला एकोणतीस हजार दोनशें. महिन्याला चोवीसशें तेहतीस. दिवसाला ऐंशी रुपये, सगळ्या घराला मिळून. आणि ही रक्कम ज्यांनीं वर्षानुवर्षें वकील लावून, कागद जमवून, कोर्ट चढून मिळविली त्यांची. जे गप्प बसले त्यांचें उत्तर शून्य.

म्हणून वाढवणाची नुकसानी देऊं, योजना करूं, समिति नेमूं, असें जेव्हां सांगतात, तेव्हां विचारा: यादी कशावरून करणार? होडीच्या परवान्यावरून केली, तर होडीचा मालक यादींत आला. त्याच होडीवर पंधरा वर्षें जाळें ओढणारा खलाशी सुटला. खडकावरून कालवें आणणारी विधवा सुटली. बोंबील सुकविणारी, पाटी डोक्यावर घेऊन वाणगांवच्या बाजारीं जाणारी सुटली. जाळें विणणारा म्हातारा, होडीची डागडुजी करणारा सुतार सुटला. ज्याच्याजवळ थोडें आहे त्याला थोडें मिळेल, ज्याच्याजवळ कांहींच नाहीं त्याला कांहींच नाहीं. धर्मशास्त्रांतली जुनी वांटणी, फक्त आतां ती संगणकावर होते.

दुसरें आमिष नोकऱ्यांचें. प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून बारा लाखांवर लोकांस काम मिळेल असें सरकारतर्फे सांगतात. २०११ च्या शिरगणतींत साऱ्या पालघर जिल्ह्याची वस्ती तीस लाखांच्या आसपास होती. त्यांत पाळण्यांतलीं मुलें आलीं आणि अंथरुणाला खिळलेले म्हातारेही आले. म्हणजे पांच जणांतल्या दोघांना नोकरी! इतकें भाग्य एकाच जिल्ह्याच्या वांट्याला येत असेल तर बाकीच्या महाराष्ट्रानें काय पाप केलें? नव्या बंदरांत यारी यंत्रानें चालते, यंत्र शिकलेला माणूस चालवितो, आणि आमच्या कांठावरचें पोर सातवी-आठवीनंतर होडीवर जातें. त्याला पहारेकऱ्याची काठी मिळेल, किंवा झाडू. याच कांठावर तारापूरची अणुभट्टी १९६९ पासून आहे. तिच्या पुढच्या भट्ट्यांसाठीं पोफरण आणि अक्करपट्टी हीं दोन गांवें उठविलीं. तेथल्या लोकांनीं कोर्टाच्या पायऱ्या किती झिजविल्या तें त्यांनाच विचारावें. देशाला वीज पाहिजे, देशाला बंदर पाहिजे, हें सारें खरें. पण देश प्रत्येक वेळीं आमच्याच दारीं मागावयास येतो, आणि देतेवेळीं त्याला दुसऱ्या गल्लीचा रस्ता सांपडतो, याचें आश्चर्य वाटतें.

आम्ही जहाजांचे वैरी नाहीं. ज्यांचे बाप शिडाच्या होडींतून दर्या ओलांडीत होते त्यांना जहाजाचें वावडें कसलें? आमचें म्हणणें एवढेंच, कीं जो आधींपासून आहे त्याची नोंद आधीं व्हावी, आणि मग त्याला "देतोस काय?" असें विचारावें. विचारल्यावर त्यानें "नाहीं" म्हटलें तर तें "नाहीं" कागदावर यावें. आज विचारण्याचा विधि होतो. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणें जनसुनावणी होते, मराठींत सारांश वांटला जातो. मूळ अहवाल इंग्रजींत, हजारों पानांचा. नफ्याचा भाग सारांशांत असतो. रेतीचा, गाळाचा, ओढ बदलल्यानें कोणाचा खुंट उखडेल याचा हिशोब त्या इंग्रजी पानांत पुरलेला असतो. पूर्वीं पोथी संस्कृतांत होती आणि ती वाचण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. आतां अधिकार आहे, पण पोथी इंग्रजींत आहे. जोतिरावांनीं १८८३ सालीं शेतकऱ्याचा असूड लिहिला तेव्हां शेतकऱ्यास न समजणाऱ्या कागदावर त्याचा अंगठा कसा घेतला जातो, हेंच त्यांचें दुःख होतें. इतक्या वर्षांनीं आम्ही सही करूं लागलों आहों, एवढीच प्रगति.

परंतु सारा दोष सरकारच्या पदरांत टाकून आपण मोकळे होऊं नये. आमच्यांत काय चाललें आहे? मांगेला म्हणतो वैत्याचा खुंट माझ्या जागेंत आला. होडीवाला म्हणतो खलाशाचें नांव यादींत कशाला? आंतला शेतकरी म्हणतो, दर्याचें काय तें कोळी बघतील. त्या शेतकऱ्याला आम्ही सांगतों: बंदरापर्यंत रस्ता आणि रेल्वे आकाशांतून येणार नाहीं. त्यासाठीं सुमारें ५७१ हेक्टर जमीन लागणार, ती तुमची. कोळ्याचा समुद्र भरला जाईल तेव्हां तुमच्या शेतांतून मोजणीची साखळी फिरत असेल. डाय कोरणारा म्हणतो, मी घरांत बसून काम करतों, माझें काय जातें? बाबारे, तुझें काम चालतें तें आजूबाजूला गांव आहे म्हणून. आई मासळी आणते, चुलता भाजी देतो, घरभाडें नाहीं, म्हणून सराफ जो भाव देतो त्यांत तुझें भागतें. गांव फुटलें कीं त्याच भावांत तुला शहरांतल्या खोलींत राहून दाखवावें लागेल.

आणि दलालाकडून उचल घेऊन लग्नें करणारे आमचे भाऊ! ज्यानें उचल दिली तोच उद्यां सांगेल, या कागदावर सही कर, बंदर चांगलें आहे. तेव्हां तोंड कोणत्या बळावर उघडाल?

आतां काय करावें तें सांगतों. सरकार रकाना छापीत नाहीं, तर तो आपण आंखावा. प्रत्येक गांवानें समुद्राची वही करावी. त्यांत खुंटाची जागा, ती ओळखण्याच्या जमिनीवरच्या दोन खुणा, कोणत्या घराकडे किती पिढ्यांपासून, कोणत्या महिन्यांत कोणती मासळी, होडीवर कोणकोण जातात, हें लिहावें. खडकांचें पान वेगळें करावें आणि तें बायकांनीं सांगितल्याप्रमाणेंच लिहावें, नवऱ्यांनीं सांगितल्याप्रमाणें नव्हे. कोणत्या खडकावर कोण जाते तें त्यांनाच ठाऊक असतें. शेजाऱ्याशीं जागेचा तंटा असेल तर तोही तंटा म्हणून लिहावा, लपवूं नये. लपविलेला तंटा दलालाच्या उपयोगी पडतो. वही ग्रामसभेंत मोठ्यानें वाचावी, हरकत असेल ती नोंदवावी, सह्या-अंगठे घ्यावेत, ठराव करावा. एक प्रत ग्रामपंचायतींत, एक मच्छीमार सोसायटींत, एक बायकांच्या बचतगटांत ठेवावी. एक तहसीलदाराकडे व एक मत्स्यव्यवसाय खात्याकडे द्यावी आणि पोंच घेतल्याशिवाय हातची सोडूं नये. कोणी म्हणेल, अशी वही कायद्यांत बसत नाहीं. नसेल बसत. पण पुण्याच्या पीठापुढें ज्यांस न्याय मिळाला त्यांनीं आपण तेथें मासे मारीत होतों हें आधीं सिद्ध केलें, आणि तें कागदानेंच केलें.

जून-जुलैंत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, तांडेल घरीं असतात. तेवढे दोन महिने या कामास पुरे आहेत. लिहिणाऱ्यांची वाण नाहीं. सातवींतलें कोणतेंही मूल बापाच्या शेजारीं बसून हें लिहूं शकेल, आणि आजोबांस विचारतां विचारतां त्याला भूगोलही येईल. ज्यांस लिहितां येत नाहीं आणि घरांत लिहिणारें कोणी नाहीं, त्यांनीं दिवेलागणीनंतर शाळेंत यावें. वह्या आंखून ठेवल्या आहेत.

आपला,
एक शाळामास्तर, तालुका डहाणू